काळी साय

"वहिनी, या गोणीतले दगड तुम्ही कापू नका. दुसऱ्या कोणाकडून तरी कापून घेऊ," भूशास्त्रज्ञ साहेब दारातूनच म्हणाले.

तिने गोणीची दोरी सोडलीसुद्धा होती. "राहू द्या साहेब. कापायचेच आहेत, तर मीच कापते."

समुद्रसंशोधन संस्थेच्या तळघरात ती दगड कापायची. नवरा संस्थेच्याच जहाजावर विंच, म्हणजे तार सोडायचं-गुंडाळायचं यंत्र, चालवायचा. लोखंडी जाळीची पेटी तारेने खोल सोडायची, समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीच्या उतारावरून खरवडत ओढायची आणि वर घ्यायची, हे त्याचं काम. मागच्या सफरीत पेटी तळाशी अडकली. तार ताणत गेली, कप्पीवरून उसळली आणि तिच्या तडाख्याने तो कठड्यापलीकडे फेकला गेला. त्या दिवशी शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. तो मिळाला नाही. पेटी मात्र नंतर आपसूक सुटली आणि भरून वर आली. त्यातलेच हे दगड.

ही नोकरी त्याला तिनेच मिळवून दिली होती. गोदीत ओझी वाहून त्याची पाठ गेली होती, म्हणून तिने साहेबांकडे शब्द टाकला होता. सासू ते विसरली नव्हती. बातमी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तूच त्याला पाण्यात ढकललंस." तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप. सुनेने वाढलेलं ती भिंतीकडे तोंड करून खायची आणि दाराला कडी मात्र लावू द्यायची नाही. लेक पट्टीचा पोहणारा. कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल, येईल.

करवत फिरली. पाण्याची धार काळी होऊन वाहू लागली. दगड दुभंगला. आत तपकिरी, जुनाट लाव्हा आणि वर बोटभर काळा थर, दुधावर साय धरावी तसा.

"हे कशानं धरतं, साहेब?" इतकी वर्षं कापत आली, पण हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"समुद्राच्या पाण्यात मँगनीज, लोखंड असतं, अगदी नावापुरतं. त्या डोंगरांवरून प्रवाह सतत वाहतो, गाळ साचू देत नाही. मग उघड्या खडकावर ते कणाकणानं बसत जातं. दहा लाख वर्षांत जेमतेम दोन-चार मिलिमीटर."

"आणि वरून काही येऊन पडलं तर? त्याच्यावरही बसतं?"

प्रश्नाचा रोख साहेबांना कळला. मग ते स्टुलावर बसले. "शार्कचा दात असला, तर बसतं. तो टिकतो."

"माणसाचं?"

"हाडं त्या पाण्यात विरघळून जातात, वहिनी. काही उरत नाही."

तिने मान डोलावली. आजवर जो तो तिला धीरच देत आला होता; खरं कोणी सांगितलं नव्हतं. करवत बंद करून तिने विचारलं, "यातला एक तुकडा घरी नेऊ?"

घरी सासू खाटेवर बसली होती. तिने तुकडा सासूच्या हातात ठेवला. "आई, त्या वेळी पेटीतून हे वर आलं. ते येणार नाहीत. साहेबांना स्पष्टच विचारलं मी. खाली काही राहत नाही म्हणाले."

सासूने तुकडा उलटसुलट केला, तळहातावर तोलला. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज फुटला. "हलका आहे गं."

"आतून बारीक भोकं असतात त्याला."

"काय करतात याचं?"

"धातू निघतो म्हणे. पण तिथून अजून कोणी काढलेला नाही."

"म्हणजे ज्याच्यापायी तो गेला, ते अजून कोणाच्या कामालासुद्धा आलेलं नाही."

 सून जमिनीवरच बसली आणि आवाज न करता रडली. सासूने तुकडा खाली ठेवला. दोघींचे हात काजळी लागल्यासारखे झाले होते.

म्हातारी भिंतीला धरून उठली, मोरीशी गेली आणि नळ सोडला.

"इकडे ये."

तिने सुनेचे दोन्ही हात धारेखाली धरले आणि साबण लावून एकेक बोट, एकेक बेचकं घासत राहिली. पाणी बराच वेळ काळंच जात होतं.