चाकाखालचं लिंबू

"लिंबू? आत्ता? इथे?" सतीश करंदीकर जवळजवळ ओरडलाच.

"हो. आणि अख्खं हवं. कापलेलं चालत नाही," हेल्मेटमधून सुमेधा म्हणाली.

इंग्लंडमधल्या लीड्सपासून तासाभरावरचं शेत. २००६ चा ऑगस्ट, त्यामुळे संध्याकाळ झाली तरी उजेड भरपूर. इथे मातीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांच्या शर्यती लागत. आता बायकांची शर्यत होती. आपण ती बघायला आलो नसून आपली बायको तीत उतरणार आहे, हे सतीशला नुकतंच कळलं होतं.

सुमेधा हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला होती. तिने लायसन्स काढलं होतं, तिसऱ्या खेपेला का होईना. पण सतीशच्या गाडीची किल्ली तिला कधी मिळाली नाही. ती गाडी म्हणजे त्याचं देवघर. पाय झटकल्याशिवाय आत बसायची सोय नव्हती. "तुला नाही जमायचं," म्हटलं की विषय संपायचा. शेवटी किचनमधल्या मॉरीनने आपली खिळखिळी मिनी गाडी तिच्या हातात दिली आणि उन्हाळाभर आपल्या भावाच्या या शेतात तिला ती पळवायला शिकवलं. घरी सुमेधा ओव्हरटाइम सांगायची. आज मॉरीनचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मिनी सुमेधाकडे. शर्यत पुरी करायची आणि तीही नवऱ्याच्या डोळ्यांदेखत, एवढंच तिला हवं होतं.

"अगं, सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये रिव्हर्स घेताना घाम फुटतो तुला!"

"अहो, इथे रिव्हर्स घ्यायचाच नाहीये. आणताय ना लिंबू?"

सतीश पुटपुटत गेला आणि फिश अँड चिप्सच्या गाडीवरून लिंबू घेऊन आला. इस्त्रीच्या पँटसकट चिखलात गुडघा टेकून त्याने ते स्वतः मिनीच्या चाकाखाली ठेवलं. झेंडेवाला माणूस वाकून बघायला लागला.

"इंडियन इन्शुरन्स, मेट," सतीश म्हणाला.

झेंडा पडला. लिंबू चिरडलं आणि आठ गाड्या चिखल उडवत सुटल्या. पहिल्याच वळणावर सुमेधाने सवयीने वेग कमी करून मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. हात करून "जा" म्हणून खुणावलंसुद्धा!

"जागा काय देतेस! रस्ता आहे का हा? दाब, दाब!" जन्मभर "ब्रेक, ब्रेक" ओरडलेला सतीश कठड्यावर चढून ओरडत होता.

आणि तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुढच्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या, एक चिखलात रुतली. शेवटच्या वळणावर मिनीची मागची बाजू घसरत पार पुढे यायला लागली, तेव्हा सतीशने डोळे मिटले. उघडले तेव्हा मिनी सरळ झाली होती आणि आणखी एका गाडीला मागे टाकत होती. करंदीकर, दुसरा नंबर! लाउडस्पीकरवाल्याने आडनावाची पार वाट लावली, पण टाळ्या तिलाच होत्या, आणि बक्षिसाचा कपही. मॉरीनने एका हाताने तिला मिठी मारली. सुमेधा हसत होती, रडत होती. एवढा आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

परत निघताना ती डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने भरलेली. सवयीने गाडीचं डावं दार उघडून ती सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरायला लागली.

सतीशने पिशवी ओढून घेतली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"पाय झटकू?" तिने विचारलं.

"बस गं तशीच."

तो डाव्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि तिचा छोटासा कप दोन्ही हातांनी मांडीवर धरला.