लीलाबाईची खोली

"भाऊ, लीलाबाईची खोली उघडून देता का जी?"

शेजारची रुखमिणी अंगणाच्या कुंपणाशी उभी होती. चिंधूने मान वर केली.

"आमच्या सुनेले, कामिनीले दवाखान्यातून सुट्टी झाली. पोरगी दिवस भरायच्या आधीच झाली ना, लहानशी आहे. छातीशी धरा, खोली गरम ठेवा, पण धूर नको म्हणते डॉक्टर. आमच्या घरी तर शेगडीच."

धूर नको. त्याच्या बायकोच्या, लीलाबाईच्या वेळीही डॉक्टर हेच बोलले होते. तिचे सारे आयुष्य चुलीपुढे गेले आणि उतारवयात दम्याने तिला धरले. एस.टी.ची ड्रायव्हरकी संपवून घरी बसलेल्या चिंधूने मग छतावर सोलर बसवले आणि तिच्या खोलीत हीटर लावला. आसगावातले लोक हसले. चिंधू मात्र रोज सकाळी शिडी लावून सोलरच्या पाट्यांवरचे दव पुसायचा. ऊन चढले की हीटर चालू व्हायचा आणि लीलाबाई पलंगावर सरकून जागा करायची. "बसा जी इथं. तुमचे बी हाडं शेकून घ्या."

तो एक हिवाळा तिला सुखाचा गेला. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तेव्हापासून खोलीला कुलूप होते.

"पाहतो," चिंधू म्हणाला.

रुखमिणीने आग्रह केला नाही. पदर सावरत ती परत वळली.

मग उठून त्याने कुलूप काढले. आत अजून बामाचा वास होता. त्याने खिडकी उघडली, पलंग झटकला, हीटर लावला. त्याच्या तारेवरची धूळ जळाल्याचा वास गेल्यावर खिडकी लावून घेतली आणि कुंपणापाशी जाऊन हाक दिली, "रुखमिणीबाई, आणा त्यायले."

कामिनी पोरीला छातीशी घेऊन पलंगावर निजली. चिंधू बाहेर येताना म्हणाला, "दिवसा ऊन आहे, राती लाइन आहे. हीटर बंद नोका करू."

दुपारी आतून रुखमिणीचा आवाज आला. "पाय गरम झाले जी पोरीचे. या ना, पाहा."

"राहू द्या. दार उघडलं का गरमी निघून जाते."

दाराखालच्या फटीतून गार वारा आत शिरत होता. चिंधूने समोरच्या खोलीतली पेटी उघडली. लीलाबाईचे हिरवे लुगडे वरच होते. ती गेल्यापासून त्याने त्याला हात लावला नव्हता. त्याने ते बाहेर काढले, लांब घडी घातली आणि खाली बसून, बोटांनी दाबत दाबत, उंबऱ्याशी फटीत नीट बसवले.