किटली कोणी धरायची

आमच्या आप्पांनी माझ्या घरचं पाणी अकरा वर्षांत प्यायलं नव्हतं. भांडण वगैरे काही नाही. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, नातवंडाचं तोंड बघितल्यावरच घ्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीचे लोक आता ती सोयीनं पाळतात. कोणी म्हणतं चहा चालतो, कोणी म्हणतं फळं चालतात. आमच्या आप्पांना मात्र अर्धवट काही जमत नाही. आमच्या गावात, वडीगोद्रीत, म्हणतात, कचरूआप्पा एकदा नाही म्हणाले की देवानंसुद्धा दुसऱ्यांदा विचारू नये.

मोसंबी घेऊन जालन्याच्या मार्केटला आले की ते मस्तगडला माझ्याकडे यायचे. जिना चढायचे, खुर्चीवर बसायचे, सगळी चौकशी करायचे आणि घसा कोरडा पडला की खाली उतरून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायचे. मी गॅलरीत उभी राहून बघायची. ते खालून हात करायचे. मायची तऱ्हा आणखी वेगळी. आमची माय, झुंबरबाई, माझ्या उंबऱ्यात पाय ठेवला की तिला उपास लागायचा. सोमवार असो की बुधवार, एकादशी असो की नसो. एवढे उपास करून तिला स्वर्गात नक्की खिडकीजवळची जागा मिळणार, असं मी तिला तोंडावर म्हणायची. ती नुसती हसायची.

राग यायचा मला, खोटं कशाला बोलू. शेजारणी विचारायच्या, तुझे वडील खाली का चहा पितात? काय सांगायचं? सोमेश्वर, माझा नवरा, स्टीलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याचा स्वभाव गार पाण्यासारखा. त्यांची रीत त्यांच्यापाशी, तू कशाला डोकं तापवतेस, असं म्हणून तो पेपर उघडायचा.

पण गेल्या संक्रांतीला सगळं बदललं. मूल व्हावं म्हणून चाललेल्या संभाजीनगरच्या दवाखान्याला कंटाळून आम्ही दोघांनी ठरवलं, आता बस. रडायचं ते आधीच रडून झालं होतं. ठरवल्यावर खरं तर हलकं वाटलं. सुया नाहीत, तारखा नाहीत, कुणाचं बारसं टाळायला सबबी नाहीत. फक्त एक गोष्ट राहिली होती. आप्पांना सांगायचं होतं. आणि सांगितलं की त्याचा अर्थ सरळ निघत होता: नातवंड नाही, म्हणजे माझ्या घरचं पाणीही नाही, कधीच नाही. बापानं जन्मभर टपरीवर चहा प्यायचा आणि मी तो वरून बघायचा. त्या भीतीनं मी अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तोंडाला कुलूप लावून बसले.

दिवाळीला सोमेश्वरच्या कंपनीनं मिठाईच्या डब्याऐवजी कूपन दिलं. बायपासवर नवीन मोठं हॉटेल झालंय ना, त्याचं. चार माणसांना दुपारचा चहा, सोबत काय हवं ते, हवं तेवढं, बफे पद्धतीनं. ते कूपन बघितलं आणि मला एकदम सुचलं. हॉटेल हे कोणाचंच घर नाही! आप्पा तिथं माझ्यासोबत बसून खातील. आणि भरल्या ताटावरून ते उठून जात नाहीत, तेव्हा तिथंच सांगून टाकायचं.

आप्पांनी होकार द्यायला आठवडा घेतला. रोज संध्याकाळी फोन. हॉटेल कोणाचं नाही हे बराबर, पण कूपन जावयाचं ना? मग ते जावयाच्या घरचंच अन्न झालं की. मी म्हटलं, कंपनीनं फुकट दिलंय. ते म्हणाले, कंपनी फुकट कशी देईल, जावयाच्या कष्टाचंच ते. शेवटी मायनं निकाल दिला. कूपन म्हणजे देवळातल्या प्रसादासारखं, वाटणाऱ्याच्या नावानं असतं, आणणाऱ्याच्या नावानं नाही. त्याच संध्याकाळी आप्पांनी होकार दिला. सुप्रीम कोर्टात बसवावी अशी आमची माय.

ठरलेल्या रविवारी दोघं वडीगोद्रीहून एसटीनं आले. आप्पांची टोपी इतकी कडक इस्त्रीची होती की कागदाची वाटावी. माय लग्नातली जरीची साडी नेसून आली होती. हॉटेलच्या काचेच्या दारातून आत गेलो तर गार हवा, मधोमध कारंजं आणि पायाखाली आरशासारखी फरशी. मायनं पदर सावरला आणि हळूच माझा दंड धरला. तिनं दंड धरला तेव्हाच मला अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

टेबलं तर अशी मांडली होती की बघतच राहावं. तिकोनी सँडविच, अंगठ्याएवढे समोसे, ढोकळा, बिस्किटं, आणि केकचे इतके छोटे तुकडे की आप्पा म्हणाले, हे नैवेद्याला काढून ठेवलेलं दिसतंय, खायचं कुठंय? सोमेश्वर हसला. मी त्यांच्या हातात बशी दिली. आता इथं खरी गंमत झाली. आप्पांनी एक समोसा, एक ढोकळा घेतला, टेबलावर येऊन तेवढा खाल्ला आणि हात पुसून बसून राहिले. मायनंही तेच. मला आधी कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. हे आग्रहाची वाट बघत होते.

आमच्याकडे जेवणाऱ्यानं आपण होऊन दुसऱ्यांदा घेतलं की त्याला हावरट म्हणतात. कोणीतरी घ्या म्हणायचं, आपण नको म्हणायचं, त्यानं पानात टाकायचं, आपण अरे अरे म्हणायचं. मग खायचं. आणि इथं आग्रह करणार कोण? मी केला तर लेकीनं वाढल्यासारखं झालं. सोमेश्वरनं केला तर जावयानं. म्हणजे समोर शंभर पदार्थ, बसायला गुबगुबीत खुर्च्या, आणि माझे आईबाप अर्ध्यापोटी कारंजं बघत बसलेले. असला पेच फक्त आमच्याच घरात पडू शकतो.

सोमेश्वर उठला, वेटरशी दोन शब्द बोलून आला. तो वेटर चांगला चाळिशीचा, मिशीवाला गृहस्थ होता. आप्पांनी त्याला आधी गाव विचारलं. तो घनसावंगीकडचा निघाला. मग तो बाह्या सरसावून पंगतीत वाढायला उतरल्यासारखा आमच्या टेबलापाशी उभा राहिला. काका, हे घ्याच. मावशी, हा केक बिनअंड्याचा, माझ्या शब्दावर घ्या. आप्पा नको नको म्हणत होते आणि बशी पुढं करत होते. तीन फेऱ्या झाल्या. मायनं गुलाबी रंगाचा केक चारदा घेतला आणि चारही वेळा हा शेवटचा म्हणाली. मी त्या दोघांकडे बघत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यासमोर पोटभर खात होते. सांगायचं मात्र अजून राहिलं होतं.

तेवढ्यात चहा आला. मला वाटलं होतं चहाही कपात भरून येईल. पण पांढरीशुभ्र चिनीमातीची किटली आली, रिकामे चार कप आले, दूध वेगळं, साखरेच्या वड्या वेगळ्या. वेटरनं सगळं मांडलं, आणि पलीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाची वीस माणसं आली म्हणून तो तिकडे धावला.

आप्पा किटलीकडे बघायला लागले. इतका वेळ लेकीजावयाच्या हातचं नव्हतं, म्हणून निभावलं. आता चहा कोणीतरी ओतणार होतं. आप्पांची नजर किटलीवरून माझ्या हातावर गेली आणि तिथून कारंज्याकडे वळली. मला ते सगळं दिसलं. मायलाही दिसलं. तिनं पटकन हात पुढं केला. म्हणजे हिनं ओतायचा, रीत सांभाळायची आणि मी पुन्हा गॅलरीत.

माझं डोकंच सटकलं. मी मायच्या आधी किटली उचलली.

"राहू दे माय," मी म्हणाले. सोमेश्वर उठायला लागला, त्यालाही मी बसवलं. एकेक कप भरला. थोडा चहा टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर सांडला. मग आप्पांचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

"आप्पा, आम्ही दवाखाना बंद केला. संक्रांतीपासून. आता मूलबाळ होणार न्हाई. तुम्ही वाट बघू नका." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "हा चहा मी ओतलाय. प्यायचा तं प्या, न्हाई तं राहू द्या. पण मी आता गॅलरीत उभी राहणार न्हाई."

पलीकडे वाढदिवसवाले टाळ्या वाजवत होते. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. घरात वाईट बातमी आली की ते असंच करतात. मला वाटलं, आता उठतील, जल्दीची एसटी आहे म्हणतील आणि जातील.

ते उठले नाहीत.

"संक्रांतीपासून तू एकलीच हे पोटात घेऊन बसली?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. एकटी नव्हते, सोमेश्वर होता, पण ते काय म्हणतायत ते मला कळलं.

मग ते माझ्याकडे न बघता, कपाकडे बघून बोलले. "तुझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी आल्तो. ऊन लई होतं. तू तांब्या घेऊन आल्ती. मी हात पुढं केल्ता, तुझ्या मायला विचार. मंग मनात आलं, मी पाणी प्यालो तं पोरगी काय समजंल? बापानं आशा सोडली, असंच समजंल ना? म्हणून हात माघारी घेतला. रीत गेली खड्ड्यात. तुला आशा है तवर मी सोडायची न्हाई, एवढंच ठरवून राह्यलो."

मी मायकडे बघितलं. तिनं डोळ्याला पदर लावला होता आणि मान हलवत होती.

मला काय वाटलं ते नीट सांगताही येत नाही. मी इतकी वर्षं ज्याला हट्टी, जुनाट, दगड म्हणत होते, तो माणूस माझ्यासाठी टपरीवरचा पाणचट चहा पीत होता. त्यांचा चहा कायमचा टपरीवर जाईल म्हणून मी सांगत नव्हते, माझी आशा मोडेल म्हणून ते पीत नव्हते. दोघंही एकापेक्षा एक शहाणे. आधी रडूच आलं, आणि रडता रडता हसू यायला लागलं. सोमेश्वरनं कागदी रुमालांचा गठ्ठाच माझ्यापुढं ठेवला. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसा श्वास मोकळा झाला.

आप्पांनी टोपी डोक्यावर घातली, कप उचलला आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. साखर घालायची राहिली होती. मायनं दोन वड्या टाकल्या आणि चमच्यानं ढवळलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मायचा कप केव्हाच रिकामा झाला होता. मी भाषण ठोकत असताना बाईंनी माझ्या हातचा तो उपास सोडून टाकला होता.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वेटर दारापर्यंत सोडायला आला, पुन्हा या म्हणाला. आता आप्पांना बसस्टँडवर सोडायचं असं ठरलेलं होतं. ते रिक्षात बसले आणि कुणाला न विचारता रिक्षावाल्याला म्हणाले, मस्तगड घ्या.

जिना चढून ते नेहमीच्या खुर्चीवर बसले. मी तांब्या-भांडं आणलं. त्यांनी भांडं बाजूला ठेवलं, तांब्याच उचलला आणि वरून गटागटा प्यायले, अर्धं पाणी सदऱ्यावर. मग म्हणाले, पोटात जागा नाही, पण लेकीच्या घरी पहिल्यांदा पाणी प्यायलोय, तर घासभर भाकर टाक. आता आली का पंचाईत! घरात भाजी नव्हती. आप्पा आल्यावर काही करायची सवयच नव्हती मला. पीठ काढलं, पिठल्याला फोडणी दिली, ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या. हात भराभर चालत होते आणि मी उगाच काहीतरी गुणगुणत होते. सोमेश्वर दारात उभा राहून बघत होता, पेपरबिपर काही नाही.

आप्पांनी पाटावर मांडी घातली. भाकर मोडली, पिठल्यात बुडवली, घास खाल्ला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी है," आप्पा म्हणाले.

मायनं त्यांना कोपर मारलं. एवढ्या वर्षांनी पहिला घास, आणि हे काय बोलणं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पिठल्यात मीठ अगदी बराबर होतं, सोमेश्वरनं नंतर तीनदा सांगितलं. मी वाद घातला नाही. पाहुणा कधी मीठ कमी म्हणत नाही, गोड मानून घेतो आणि जातो. मी उठून मिठाची बरणी आणली आणि आप्पांच्या ताटाशेजारी ठेवली.