परत पाठवलेली तबकडी

माझा आवाज मध्येच अडखळला तर समजून घ्या. मी एक तबकडी बोलतेय. तुम्ही मला डीव्हीडी म्हणता. मधोमध भोक, एक बाजू चकचकीत, तिच्यावर आता चार-दोन ओरखडे. पण माझ्या अंगात एक अख्खी मैफल आहे, आणि तिच्यातल्या एका ओळीने एका माणसाला बोलतं केलं होतं. त्या माणसाबद्दल सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्यातला. एक बाई म्हातारपणी एका लहानशा सभागृहात शेवटचं गायल्या, ते कोणीतरी चित्रित करून ठेवलं होतं. बाई फार नावाजलेल्या नव्हत्या. त्यांच्या शिष्यांनी वर्गणी काढून माझ्यासारख्या थोड्याशा तबकड्या करून घेतल्या, ओळखीपाळखीत वाटल्या, आणि तो विषय तिथेच संपला. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळं काही ऑनलाइन मिळतं असं म्हणणारी माणसं पुढे भेटणार आहेत.

सिंगापूरला मला हेमचंद्रांनी आणलं. नोकरी सांभाळून ते हौगांगच्या आपल्या फ्लॅटमधून टपालाचा एक क्लब चालवत. नाव ‘घरपोच’. हिंदी-मराठी सिनेमे आणि गाणी. सभासदांनी काय हवं ते कळवायचं, नंबर लागला की ती तबकडी त्यांच्या लेटरबॉक्समध्ये येऊन पडायची. हवे तितके दिवस ठेवा, उशिराचा दंड नाही. अट एकच, हातातली परत आल्याशिवाय पुढची निघायची नाही.

या व्यवस्थेत मी बरीच घरं पाहिली. काही घरांत माझी वाट पाहिलेली असायची. लिफाफा लिफ्टमध्येच फाडला जायचा, जेवणं लवकर उरकली जायची. काही घरांत मी नंबर लागला म्हणून आलेली असायची, आणि माणसांना मधल्या काळात आपण काय मागवलं होतं याचाच विसर पडलेला असायचा. माझ्यावर कोणी चहाचा कपही ठेवला. आपली नसलेली वस्तू काही माणसं फार जपून वापरतात आणि काही अजिबात जपत नाहीत, एवढं मला त्या प्रवासात समजलं.

दोन हजार तेराच्या सुमारास मी आंग मो किओ या वस्तीत सुलेखाबाईंच्या घरी पोचले.

सुलेखाबाईंचे यजमान चारुदत्त बँकेत अकाउंटंट होते. त्याच्या तीसेक वर्षं आधी मुंबईहून आले आणि इथलेच झाले. बोलायची भारी हौस. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर, कॉफी घ्यायला गेले तरी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला व्याजदर समजावून येत, असं सुलेखाबाई सांगायच्या. मी आले तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचा बंद झाली होती. समजायचं सगळं, पण ओठांतून फक्त ‘अं, अं’ यायचं. आपल्याला हवं ते समोरच्याला कळलं नाही की ते डावा हात खुर्चीवर आपटत आणि मग भिंतीकडे तोंड करून बसत.

दुपारी जेवणं झाल्यावर सुलेखाबाईंनी मला लावलं. चारुदत्त खिडकीकडे पाहत होते. शेवटी भैरवी आली. बाईंनी ओळ घेतली, ‘घटकाभर बैस गडे’, आणि दुसऱ्यांदा घेतली तेव्हा खोलीत आणखी एक आवाज होता. खरखरीत, पण सुरात.

“घटकाभर बैस गडे.”

सुलेखाबाई भांडी पुसत होत्या. तशाच ओल्या हातांनी बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. चारुदत्तांनी पुन्हा म्हटलं. एकेक शब्द स्वच्छ. मग ते रडायला लागले, आणि त्याही.

हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्टने सांगितलं की असं होतं. बोलण्याचा रस्ता बंद झाला तरी गाण्याचा कधीकधी शाबूत राहतो. त्याच चालीत रोजच्या उपयोगाचे शब्द बसवून पाहा. तेव्हापासून आमचा नेम झाला. दुपारी मी लागायचे, चारुदत्त दोनचार वेळा मूळ ओळ म्हणायचे, आणि गळा वळणावर आला की सुलेखाबाई मला थांबवून हळूच शब्द बदलायच्या. ‘घटकाभर पाणी दे’ आलं. ‘घटकाभर पंखा लाव’ आलं. ‘सुलेखा’ हे नाव चालीत काही केल्या बसेना, तर चारुदत्तांनी स्वतःच ते ओढूनताणून बसवलं. त्या दिवशी सुलेखाबाईंनी शिरा केला.

मूळची ओळ मात्र चारुदत्तांनी राखून ठेवली होती. एकटं वाटलं की ती म्हणायची. सुलेखाबाई हातातलं टाकून येऊन बसायच्या.

पण रोज एकदा तरी मी लागल्याशिवाय त्यांना सुरुवात सापडत नसे. सुलेखाबाईंचा गळा अगदीच बेसूर. त्यांनी ओळ म्हटली की चारुदत्त कपाळाला आठ्या घालत. म्हणून मी तिथेच राहिले. आठवडे गेले, महिने गेले. हेमचंद्रांनी एकदा सहज फोन केला.

“वहिनी, पुढची पाठवायची का? बरेच दिवस झाले.”

“आणखी थोडे दिवस ठेवू का? कोणी थांबलंय का हिच्यासाठी?”

“एकजण आहेत. पण तुमचं होऊ द्या सावकाश.”

फोन ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ माझं कव्हर हातात धरून उभ्या होत्या. दुसऱ्याचा नंबर अडवून बसल्याची त्यांना लाज वाटत होती.

त्यांची मुलगी क्षिप्रा इथेच जन्मली, इथेच शिकली, बोलण्यात इथला ‘लाह’ही आला. बापावर तिचा जीव. पण नोकरी अशी की सकाळी गेलेली मुलगी जेवायच्या वेळेला परत यायची, तीही लॅपटॉप उघडूनच. एका रविवारी टेबलावर क्लबचा विषय निघाला.

“आई, व्हॉट फॉर? इतके महिने एकच डिस्क. दर महिन्याला फी जाते. सगळं ऑनलाइन आहे लाह.”

“मला नाही ते शोधता येत. हे आपलं हातात येतं. निवडून कोणीतरी पाठवतं. त्या निमित्ताने मी खाली लेटरबॉक्सपर्यंत तरी जाते.”

“आणि हवी ती यायला दोन महिने थांबायचं? स्क्रॅच असली तर परत पाठवायचं? क्लब म्हणजे दुसऱ्याच्या टाइमटेबलने गाणी ऐकायची.”

“थांबायला माझं काय जातंय?” सुलेखाबाई हसून म्हणाल्या. “आणि ही बाबांना आवडते.”

“बाबांना गाणी आवडतात. हीच कशाला?”

सुलेखाबाई सांगणार होत्या. पण क्षिप्राचा फोन वाजला आणि ती उठून गेली. परत येऊन सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली तेव्हा चारुदत्तांनी खुर्चीतून तिच्याकडे पाहत ओळ म्हटली. “घटकाभर बैस गडे.” तिने मान वर न करता म्हटलं, “नाइस, बाबा.” त्यांनी पुन्हा म्हटली. तिने टीव्हीचा आवाज कमी केला, त्यांना गाता यावं म्हणून.

पुढच्या आठवड्यात सुलेखाबाई चारुदत्तांना तपासणीला घेऊन गेल्या होत्या. क्षिप्राने मुद्दाम रजा काढली होती. टीव्हीला जोडायचं एक नवं यंत्र तिने आणलं होतं. त्यात हजारो गाणी. बाबांसाठी तिने यादीही करून ठेवली, सगळी जुनी भावगीतं, नाट्यगीतं. मनापासून केलं तिने, हे मी स्वतः पाहिलंय. मग जुना प्लेअर खोक्यात गेला, क्लबचं सभासदत्व रद्द झालं, आणि मी परतीच्या लिफाफ्यात. जाता जाता तिने मला नाक्यावरच्या टपालपेटीत टाकलं.

तिथून माझा नंबर लागला प्रबोधकडे. बुकित तिमाहच्या एका महागड्या कॉन्डो-इमारतीत एकटा राहणारा, बँकेत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. दाराजवळच्या टोपलीत बिलं आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात मी पडून राहिले. लिफाफा त्याने उघडलाही नाही. किती आठवडे गेले, बंद लिफाफ्यात कळत नाही. मध्ये दोनतीनदा हेमचंद्रांचा फोन आलेला ऐकला. “हो हो, उद्याच पाठवतो,” प्रबोध म्हणायचा. तो खोटं बोलत नसावा. त्याच्याकडे तो उद्या येतच नव्हता.

एका संध्याकाळी दाराची बेल वाजली.

“मी क्षिप्रा. हेमचंद्रकाकांनी तुमचा पत्ता दिला. एक डीव्हीडी आहे तुमच्याकडे, मैफलीची. मला ती पाहिजे.”

“अरे, त्यासाठी तुम्ही इतक्या लांब आलात? सॉरी, मी पाठवणारच होतो.” टोपलीत हात फिरला. “ही बघा. अजून पाहिलीसुद्धा नाही. माझी आई हे असलं ऐकायची, म्हणून मागवून ठेवली. वेळच होत नाही.” मग त्याने विचारलं, “इतकं काय आहे हिच्यात?”

क्षिप्राने लिफाफा घट्ट धरला. ती बोलली तेव्हा तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

“बाबांना बोलता येत नाही. या एका गाण्यावर ते थोडं बोलायला लागले होते. मी ही परत पाठवून टाकली. त्यांना हजार गाणी लावून दिली, त्यातलं एकही चाललं नाही. ही मैफल सगळीकडे शोधली, कुठे नाही. हळूहळू त्यांनी तोंड उघडायचंच सोडलं.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मला वाटायचं, ते गातायत. मग आईने सांगितलं, ते गाणं नव्हतं गं, ते बोलणं होतं. आणि मला आठवलं, माझ्याकडे बघून रोज म्हणायचे. बस म्हणत होते मला. फक्त बस म्हणत होते.”

प्रबोधने तिला पाणी आणून दिलं. “बाबा कसे आहेत आता?” त्याने विचारलं.

“हॉस्पिटलमध्ये. न्यूमोनिया. घास चुकीच्या नळीत गेला.”

तिथून आम्ही दोघी थेट हॉस्पिटलमध्ये गेलो. तिच्या पिशवीत लॅपटॉप होता. वॉर्डात इतर रुग्ण होते म्हणून परिचारिकेने आवाज बारीक ठेवायला सांगितला. सुलेखाबाई खाटेच्या एका बाजूला उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी लॅपटॉपसाठी टेबलावरचा तांब्या बाजूला केला.

बाई गायल्या. भैरवी आली, ओळ आली. चारुदत्तांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. क्षिप्राने स्टूल ओढलं, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि अगदी जवळ बसली. “बसलेय, बाबा,” ती म्हणाली. “बसलेय मी.”

मी खोटं सांगणार नाही. त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठही हलले नाहीत. तिने ओळ पुन्हा लावली, मग पुन्हा. शेवटी सुलेखाबाईंनीच पुढे होऊन लॅपटॉप मिटला.

त्याच आठवड्यात चारुदत्त गेले.

दिवसकार्य झाल्यावर हेमचंद्र भेटायला आले. थकलेले दिसत होते. क्लब बंद करतोय म्हणाले, सभासदच राहिले नाहीत. मी समोर टीपॉयवर होते. सुलेखाबाईंनी मला उचलून त्यांच्यापुढे धरलं.

“ही तुमची राहिलीय.”

“ठेवा वहिनी. तुमचीच ती.” मग जरा घुटमळून म्हणाले, “तेव्हा एक फोन केला असतात, तर मी ती तुम्हाला देऊनच टाकली असती हो. मला कुठे माहीत होतं?”

“मागायचं कसं? दुसरं माणूस थांबलेलं होतं,” सुलेखाबाई म्हणाल्या. मग चहाचा कप त्यांच्याकडे सरकवत बोलल्या, “क्लब तुमचा चांगला होता. मला एकटीला त्याने खूप दिलं. वाईट एकच, ज्याच्यात जीव अडकला तेही परत करावं लागायचं.”

हेमचंद्रांनी चहा अर्धाच घेतला. आतल्या खोलीत क्षिप्रा होती, ती बाहेर आली नाही.

माझ्या जाण्याने चारुदत्त गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी कारण लिहून दिलं आहे आणि ते खरंच असणार. पण त्यांचे शेवटचे महिने मुके गेले, आणि ते तसे जायची गरज नव्हती, हेही खरं आहे. क्षिप्राचा हेतू वाईट नव्हता. प्रबोधचाही नव्हता. सुलेखाबाई संकोचल्या, हेमचंद्रांनी कारण विचारलं नाही. एवढ्या भल्या माणसांच्या हातांतून मी फिरले, आणि जिथे असायला हवी होते तिथे नव्हते.

आता मी भिंतीतल्या कपाटात असते. क्षिप्राने माझी नक्कल फोनवर उतरवून घेतली आहे, ती एमआरटीच्या गाडीत ऐकते म्हणे. सुलेखाबाई मात्र ऐकत नाहीत. इथल्या दमट हवेत माझ्या कडेला धुरकट डाग धरू लागलाय, तो दर पावसाळ्यात आत सरकतो. एक दिवस भैरवीपर्यंत पोचेल.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने एखादी जुनीपुराणी वस्तू धरून ठेवली असेल, तर ती हलवण्याआधी त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.

मला आता कुठे जायचं नाही. टपालाची सवय झालेल्या माझ्यासारखीला हे नवीन आहे. खाली लेटरबॉक्स वाजतो, दुसऱ्या कोणाचं तरी काहीतरी येतं. मला परत मागणारं मात्र आता कोणी उरलेलं नाही.