तिसऱ्या वर्षीची भाजी

राजश्रीबाईंना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी नंदकिशोर शिर्क्यांना एकट्याला आत बोलावलं. डॉक्टर तरुण होता आणि त्याची भाषा त्याच्या हातमोज्यांइतकीच निर्जंतुक होती. "सर, दोन-तीन वर्षं चांगली जातील. क्वालिटी टाइम द्या त्यांना," तो म्हणाला. शिर्क्यांनी मध्ययुगीन इतिहास शिकवण्यात हयात घालवली होती. मोहीम फसली की दरबारी लेखणी कशी मधाळ होते, हे त्यांना ठाऊक होतं. 'क्वालिटी टाइम' या दोन शब्दांचा त्यांना असा थंड संताप आला की त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले, बायकोचा हात धरून तिला घरी आणलं आणि त्याच आठवड्यात अ‍ॅस्परॅगसची रोपं मागवली.

अ‍ॅस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीची विलायती चुलतबहीण. लेकीकडे परदेशी गेल्या असताना राजश्रीबाईंनी तिचे कोवळे हिरवे कोंब लसणीवर परतून खाल्ले होते आणि "एवढी एक भाजी मात्र जमली हो ह्या लोकांना," असं त्या खंडाला प्रशस्तिपत्र दिलं होतं. आता औषधांनी त्यांच्या जिभेची चव नेली होती. पिठलं असो की आमरस, सगळं सारखंच लागायचं.

या वनस्पतीची एक अट असते. पहिली दोन वर्षं कोंब तोडायचे नाहीत. ते वाढू द्यायचे, त्यांचा बडीशेपेसारखा पिसारा होऊ द्यायचा, म्हणजे मातीखालचा गड्डा पोसतो. कापणी तिसऱ्या वर्षी.

नवस म्हणजे देवाशी केलेला घासाघिशीचा सौदा, असं ज्या गृहस्थाने चांगल्या जाडजूड ग्रंथात सिद्ध केलं होतं, त्याने उलव्यातल्या इमारतीच्या गच्चीवर निळं पिंप अर्धं कापलं आणि त्यात स्वतःचा नवस पुरला. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, असं नाही. पण विद्वानांना एक सवलत असते. स्वतःच्या अंधश्रद्धेला ते प्रयोग म्हणू शकतात.

"सर, तीन वर्षं थांबून एक वाटी भाजी?" शेजारच्या हलिमाभाभी पापड वाळत घालताना हसल्या. "वाशीच्या मार्केटला जुडी मिळते की! आमच्या शहजादला सांगते, येताना टाकेल पिशवीत."

जुडी आणून झाली होती. राजश्रीबाईंनी एक घास चघळून ताटाच्या कडेला ठेवला होता. "पेंढा आहे," एवढंच म्हणाल्या होत्या.

शिर्के पिंपाची राखण करत राहिले. पावसाळ्यात मुळं कुजू नयेत म्हणून वर प्लास्टिकचा आडोसा केला, विमानतळाच्या रस्त्याची धूळ पानांवरून ओल्या फडक्याने पुसली. दुसऱ्या हिवाळ्यात कोंबांचा नवा घोस वर आला. आता फक्त एक वर्ष, असं ते मनाशी म्हणाले आणि लगेच दचकले.

एका सकाळी ते औषधं घेऊन परतले तर घर रिकामं. कित्येक आठवड्यांत जिना न चढलेल्या राजश्रीबाई गच्चीवर पिंपाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. ओच्यात हिरव्या कोंबांचा ढीग.

"अहो, बघा तरी! नुसतं उंच चाललं होतं येडं. शेंडे खुडून टाकले. आता कसे दणकून फुटवे येतील बघा."

कोरेगावच्या शिवारात वाढलेली बाई ती. तिकडे हरभरा वीतभर झाला की बायका शेंडे खुडतात. झाड अंगाने भरतं, घाटे वाढतात, खुडलेल्याची भाजी होते. त्या हातांना दुसरं काय सुचणार? आडोशामागे लपलेला एक कोंब तेवढा वाचला होता.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?" शिर्के ओरडले. इतक्या वर्षांच्या संसारात ते असे कधी ओरडले नव्हते. "हा काय हरभरा आहे? तिसऱ्या वर्षापर्यंत..."

ते थांबले. डोक्यावरून एक विमान गेलं. ते आणखी थोडा वेळ घोंघावत राहिलं असतं तर बरं झालं असतं.

"तिसऱ्या वर्षापर्यंत काय?"

"त्याआधी तोडायचं नसतं."

राजश्रीबाईंनी ओच्यातल्या कोंबांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "म्हणजे ही भाजी मी तिसऱ्या वर्षी खायची होती. त्यासाठी मला थांबावं लागणार होतं."

"राजश्री..."

"अहो, बाहेर बसवलं म्हणून माणूस खुळं होत नाही. त्या दिवशी दारातून निघताना तुम्ही डॉक्टरला थँक्यू म्हणालात. जाम चिडल्याशिवाय तुम्ही कधी कुणाला थँक्यू म्हणता? तेव्हाच समजले मी."

शिर्के पिंपाच्या काठावर टेकले. राजश्रीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. हाताला मातीचा वास होता.

"माझं आयुष्य पिंपात घालून वर झाकण ठेवलंत होय?" त्या हळूच म्हणाल्या. "चला, उठा. खुडलेली भाजी तशीच ठेवली की सुकते."

खाली त्यांनी लसूण ठेचली, मिरची मोडून टाकली, वरून चिमूटभर बेसन पेरलं. शिर्क्यांनी भाकरी गरम केली आणि बायको घास घेते तेव्हा आपण तिकडे पाहत नाही, असं दाखवण्यासाठी मिठाची बरणी उगाच पुसत राहिले.

"कशी झालीय?" शेवटी त्यांना राहवलं नाही.

"गवतासारखी लागते."

"म्हणजे... चव लागतेय?"

"लागतेय म्हणून तर गवत म्हणते! जरा गोडसर गवत." त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. वाटीचा तळ भाकरीने पुसून त्यांनी ताट पुढे केलं. "आणखी आहे का?"

वर एकच कोंब उरला होता. निदान एक तरी राखावा, नाहीतर गड्डा उपाशी मरतो आणि पुढच्या वर्षाचं सगळंच जातं, असं शिर्क्यांच्या टेबलावरची सगळी पुस्तकं एकमुखाने सांगत होती. इतकं एकमत त्यांना आयुष्यात कोणत्याही विषयावर आढळलं नव्हतं.

"आहे," ते म्हणाले आणि त्यांनी सुरी उचलली.

"सुरी कशाला? नखाने खुडा, कोवळा असेल," राजश्रीबाई म्हणाल्या. "आणि लवकर या, भाकरी निवतेय."

सुरी ओट्यावर ठेवून ते जिन्याकडे निघाले.