पाट झाल्यानंतर

“म्हणजे पाट झाला, हे तुम्ही कबूल करता?”

“व्हय. झाला की. समद्या गावानं बगितला.”

“आणि सासरे कधी वारले?”

“पाट झाला, त्याच्या दुसऱ्या वरसाला.”

समोरच्या वकिलांनी कोर्टाकडे पाहून मान झुकवली, “मला आणखी काही विचारायचं नाही,” असं म्हटलं आणि ते खाली बसले. पिंजऱ्यात उभी असलेली राहीबाई माझ्याकडे बघून हसली. सगळी उत्तरं बरोबर आली, असंच तिला वाटत होतं. तिचा वकील मी. ती कशात अडकली, ते मला दिसत होतं.

आमच्या नगर जिल्ह्यात पाट म्हणजे कालवा. मुळा धरणाचं पाणी नव्यानं आलेल्या गावांत तर माणसं सालं सांगतच नसत. थोरली पाट व्हायच्या आधीची, धाकटा पाट झाल्यावरचा, असा हिशेब. पण विधवेचं दुसरं लग्न लागतं, त्यालाही पाटच म्हणतात. आणि कायदा असा, की सासरा मरण्याआधी विधवा सुनेनं दुसरं लग्न केलेलं असेल, तर सासऱ्याच्या जमिनीत तिला वाटा नाही. राहीबाईचा नवरा तरुणपणीच गेला होता. पुढे सासराही गेला, तसा धाकट्या दिरानं, भीमानं, सगळं रान आपल्या नांगराखाली घेतलं आणि वहिनीला गोठ्यात राहायला लावलं. वहिनीचा हक्क उरलेला नाही, एवढंच त्यानं कोर्टात लेखी दिलं होतं. कसा उरला नाही, ते त्याच्या वकिलांनी आजपर्यंत झाकून ठेवलं होतं.

मी उठलो. “राहीबाई, कोणता पाट?”

“कोन्चा म्हंजे? मुळंचा. पान्याचा.” मग तिच्या ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. “अगं बया! ह्ये काय म्हनत्यात मला?”

“साहेब,” समोरचे वकील बसल्याबसल्या म्हणाले, “माझे तरुण मित्र आता पाणी वळवताहेत.”

कोर्टात हशा झाला. मग त्यांनी आमच्याच दाव्यातली ओळ वाचून दाखवली: ‘पाट झाल्यानंतर वादीचे सासरे मयत झाले.’ त्यात मुळा नव्हती, की पाण्याचा थेंब नव्हता. न्यायाधीशांनी ती ओळ स्वतः पुन्हा वाचली आणि हे कुणी लिहून घेतलं असं विचारलं. ज्यानं लिहिलं त्याला पुढच्या तारखेला हजर करा, असं ते म्हणाले.

लिहिलं होतं गिदोन उजागरेंनी.

उजागरे साखर कारखान्याचे कायदा अधिकारी. कारखान्याचा कायदा विभाग म्हणजे एक खोली, एक टाइपरायटर आणि उजागरे. वकिलीची परीक्षा पास होऊन ते नगरच्या कोर्टात काही दिवस उभे राहिले होते. पण मिशनच्या शाळेतल्या पोराला अशिलं कोण देणार? शेवटी त्यांनी नोकरी धरली. नोकरी धरली की सनद गुंडाळून ठेवावी लागते, कोर्टात उभं राहता येत नाही. त्यांचा काळा कोट घरी खुंटीला राहिला.

कारखान्याचे दावे चालवायला आमचे काकासाहेब वकील होते. नगरला त्यांचं मोठं ऑफिस आणि त्यात आम्ही चारदोन ज्युनिअर. एकदा उजागरे काकासाहेबांना म्हणाले, “तुमचा माणूस कारखान्याच्या कामाला बाजारच्या दिवशी येतोच. संध्याकाळपर्यंत एसटी नसते. मधल्या वेळात तो नुसता झोपा काढतो. त्यापेक्षा गरिबांची कामं बघू. फी घ्यायची नाही.” झोपा काढणारा तो माणूस म्हणजे मी. काकासाहेबांना कल्पना आवडली. चेअरमननाही आवडली, कारण निवडणूक जवळ आली होती. अशी ती जोडी जमली. कागद आणि टाइपरायटर कारखान्याचा, कोर्टात उभा राहणारा वकील आमचा, आणि जीव उजागरेंचा.

बैलगाड्यांच्या अड्ड्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बसू लागलो, पण कुणी फिरकेना. फुकट बोलणारा वकील दुसऱ्या बाजूचा असतो, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग उजागरेंनीच तोड काढली. काम सांगायला येणाऱ्यानं आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी द्यायची, हीच फी. काहीतरी दिलं की लोकांना वकील आपला वाटू लागला. उजागरेंच्या जातीमुळं, धर्मामुळं काहीजण भाकरी टेबलावर ठेवून दूर सरकत. उजागरे ती निमूट खात. राहीबाई पहिल्यांदा आली तेव्हा तिनं भाकरी मोडली, अर्धी त्यांच्या हातात दिली आणि अर्धी तिथंच त्यांच्यासमोर बसून खाल्ली. त्या दिवशी उजागरे खुशीत होते. त्यांनी तिचा दावा स्वतःच्या हातानं टाइप केला.

मला कोटही त्यांनीच दिला. मी काकासाहेबांचा जुना कोट घालून हिंडायचो. त्याच्या बाह्या माझ्या बोटांवर यायच्या. उजागरेंना ते बघवेना. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो, तर त्यांनी खुंटीवरचा कोट काढून माझ्या अंगावर घातला. माझ्या मापाचाच निघाला. एक बटण सैल होतं, ते त्यांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, तिथल्या तिथं लावून दिलं. काळा दोरा संपला होता म्हणून तपकिरी वापरला.

“मी नाही तर नाही,” उजागरे म्हणाले, “कोट तरी कोर्टात जाऊ दे.”

त्या वेळी आम्ही सगळेच हसलो होतो. आज तो प्रसंग आठवला की हसू येत नाही.

तर कोर्टातला प्रकार सांगायला मी कारखान्यावर गेलो. उजागरेंनी चष्मा काढून ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

“हे मी लिहिलं?”

“तुम्हीच.”

“पाट झाल्यानंतर,” ते स्वतःशीच म्हणाले. “मला दुसरा पाट सुचलाच नाही हो, वकील.”

मला त्यात नवल वाटलं नाही. कारखान्यातला माणूस, सकाळ-संध्याकाळ पाटाचं पाणी आणि उसाचे करार, त्याला दुसरं काय सुचणार? खरं कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“साक्षीला यावं लागेल,” मी म्हणालो.

“येतो की. न येऊन कसं चालेल?”

पण भीमा कारखान्याचा सभासद होता, चेअरमनच्या गोटातला. आम्ही बोलतोय तोच उजागरेंना चेअरमनचं बोलावणं आलं. ते परत आले ते घाम पुसतच.

“काय म्हणाले?”

“साक्षीला जा म्हणाले. अडवत नाही म्हणाले. फक्त आठवत नाही म्हणा.” ते खुर्चीत बसले. “खोटं बोला असंसुद्धा म्हणाले नाहीत बघा. किती मऊ बोलतात माणसं! आठवलंच, तर ही शेड, हे टेबल आणि माझी खुर्ची, सगळ्याचा फेरविचार करावा लागेल म्हणे.”

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. मार्थाबाई मिशनच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नोकरीचं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “कोर्टात कारण विचारतील. मग काय सांगाल?”

नवराबायकोत काहीतरी मला न कळणारं चाललं होतं. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

तारखेला उजागरे पांढरा इस्त्रीचा सदरा घालून आले. राहीबाई भिंतीला टेकून बसली होती आणि भीमा मिशीवर बोट फिरवत दारात उभा होता. उजागरे पिंजऱ्यात चढले, शपथ घेतली.

“आपण वकील आहात?” न्यायाधीशांनी विचारलं.

“होतो, साहेब.”

मी प्रश्न विचारायला उभा राहिलो. त्यांचाच कोट माझ्या अंगावर होता. उजागरेंची नजर क्षणभर त्या बटणावर गेली. आयुष्यभर ज्या जागेवर उभं राहायचं त्यांच्या मनात होतं, त्या जागेवर मी होतो, आणि ते पिंजऱ्यात. कसेबसे मी प्रश्न विचारले. त्यांनी सरळ सांगितलं, की राहीबाई पाण्याच्या पाटाबद्दल बोलल्या आणि आपण तेवढंच लिहिलं. आमच्याकडे माणसांचे जन्म-मृत्यू पाटावरूनच सांगतात. मागे उभा असलेला कोर्टाचा पट्टेवाला राहुरीकडचा, मुळेच्या पाटावरच्या गावचा होता, त्यानंही मान हलवली.

मग समोरचे वकील उठले.

“उजागरे, तुम्ही ख्रिस्ती. हिंदूंमध्ये पाट कशाला म्हणतात हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं तुमचं म्हणणं आहे का?”

खरं तर त्यांनी पळवाटच दाखवली होती. हो म्हटलं असतं तर सगळं सुटण्यासारखं होतं.

“नाही. मला माहीत आहे.”

“माहीत आहे! मग कायदा शिकलेला माणूस विधवेच्या दाव्यात तो शब्द मोकळा सोडेल? हे कोर्टानं खरं मानावं?”

उजागरेंनी पिंजऱ्याचा कठडा धरला.

“साहेब, माझ्या आईचा पाट लागला होता. मी पाटाचा मुलगा. गावात मला त्याच नावानं हाक मारायचे. पुढं आईवडिलांनी बाप्तिस्मा घेतला, नावं बदलली. पण तो शब्द पाठ सोडेना. आई रडायची. म्हणून आमच्या घरात तो कुणी उच्चारायचा नाही. लहानपणीच मी स्वतःला शिकवलं, की पाट म्हणजे पाणी, दुसरं काही नाही. राहीबाई पाट म्हणाल्या, तेव्हा मला पाणीच ऐकू आलं. ही चूक माझी आहे. त्या बाईंची नाही.”

कोर्टात नगरची माणसं भरलेली होती. त्यांतली निम्मी उजागरेंना ओळखणारी. समोरचे वकील कागद आवरू लागले. ते वाईट माणूस नव्हते. न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि उजागरेंना, “आपण बसा,” असं म्हटलं. साक्षीदाराला सहसा कुणी तसं म्हणत नाही.

बाहेर लिंबाखाली राहीबाई आमची वाट बघत होती. तिनं उजागरेंच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, तर ते मागे सरले.

“सायेब,” ती म्हणाली, “माज्यापायी तुमची आई कोर्टात आली.”

“आली ते बरं झालं, बाई,” उजागरे म्हणाले. “किती वर्षं मीच तिला बाहेर उभी केली होती.” राहीबाईनं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या हातात दिली.

निकाल राहीबाईच्या बाजूनं लागला. भीमाला तिचा वाटा मोजून द्यावा लागला. तिनं पाटाच्या कडेचा तुकडाच मागून घेतला. लोक चेष्टेनं त्याला ‘राहीचा पाट’ म्हणू लागले आणि तीही त्या नावानंच सांगायची.

तोवर उजागरे कायदा विभागात राहिले नव्हते. त्यांना ऊस मोजायच्या काट्यावर पाठवलं होतं. शेडला कुलूप लागलं. काकासाहेब रागारागानं चेअरमनना भेटायला गेले, चहा घेऊन परत आले, आणि त्यानंतर आमच्यातलं कुणी बाजारच्या दिवशी तिकडे गेलं नाही. मी काट्यावर भेटायला जायचो. धुरळ्यात, बैलांच्या गर्दीत उजागरे उभे असायचे. लोक तिथंही गाडी थांबवून त्यांना सल्ला विचारत. मी एकदा कोट परत द्यायला लागलो तर म्हणाले, “राहू द्या. त्याला आता कोर्टाची सवय झालीय. घरी करमायचं नाही त्याला.”

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. काट्यावरच छातीत कळ आली. मला कळलं तसा मी कोट झाडून, घडी घालून घेऊन गेलो. अंगावर घालून त्यांना नेऊ, असं माझ्या मनात होतं. घरापुढे माणसं जमली होती. चर्चचे पाळक आले होते. राहीबाई ओट्याच्या कडेला पदर तोंडाला लावून बसली होती. उजागरेंच्या अंगात तोच पांढरा सदरा होता.

मी कोट मार्थाबाईंपुढे धरला. “त्यांचा आहे. त्यांना घाला.”

त्यांनी तो मांडीवर घेतला. दोन्ही हातांनी सारखा केला. बटणापाशी त्यांची बोटं थांबली. तपकिरी दोरा पुन्हा सुटत आला होता. त्या उठल्या, आतून सुई आणली, काळा दोरा ओवला. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी त्यांनी घाई केली नाही. बटण पक्कं केलं, दोरा दातानं तोडला आणि कोट माझ्या हातात परत दिला.

“घेऊन जा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “उद्या तारीख असेल ना तुमची?”