लेट हर स्लीप

भिलाईच्या रिसाली भागात प्रांजली मॅडमचा इंग्लिश बोलायचा क्लास आहे. तिथं मी आठ महिने गेली. बाकी साऱ्या कॉलेजातल्या पोट्ट्या, अन् त्यांच्यात मी साठीची. आमच्या यांनी पहिल्याच दिवशी टोमणा मारला, म्हणे सुशीला शिंगं मोडून वासरात शिरून राहिली. मी म्हटलं, शिरून राहिली तं शिरून राहिली, तुमचं काय जाते? माझी नात साक्षी मेलबर्नले राहते, पाच वर्षांची. लेक स्नेहल आपली मराठी, जावई इथल्याच सेक्टर 2 चा, पण तेलुगू. दोघांची बोली एक नाही, म्हणून घरात इंग्लिश. पोट्टीले ना मराठी येत, ना तेलुगू. फोनवर ती बोलत राहे अन् मी नुसते दात काढत बसे. किती दिवस दात काढावं माणसानं?

मॅडमचं म्हणणं असं, का समोरच्यानं काही सांगतलं तं गप राहायचं नाही. लगेच काहीतरी गोड बोलायचं. ओ, दॅट्स नाइस. नो वरीज. टेक युअर टाइम. मी भाजी निवडता निवडता हेच म्हणे, कपडे वाळू घालताना हेच म्हणे.

मे महिन्यातली दुपार होती. बारा वाजले होते, बाहेर पंचेचाळीसचं ऊन. हे कूलरपुढं फरशीवर उघड्या अंगानं पसरले होते. तेवढ्यात साक्षीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याइथे साडेचार वाजले असतील. पोट्टी एकटीच होती.

"हाय आजी. मम्मी इज स्लीपिंग ऑन द फ्लोर."

आता तुम्हीच सांगा, भिलाईत मे महिन्यात दुपारी फरशीवर झोपत नाही असं एक तरी घर आहे का? सेक्टर 2 मधल्या कारखान्याच्या क्वार्टरात होतो तवा आम्ही फरशीवर पाणी मारून घेत होतो, अन् सगळ्यात आधी स्नेहलच आडवी होत होती. माझ्या डोळ्यापुढं तेच आलं. वरून पोट्टीचं पुरं वाक्य मले पहिल्याच झटक्यात समजलं होतं, त्याची खुशी वेगळीच.

"ओ, दॅट्स नाइस," मी म्हटलं. "लेट हर स्लीप."

साक्षी ओके म्हणाली. मग तिनं मले तिचा कापडाचा घोडा दाखवला, शाळेतलं चित्र दाखवलं. मी रंग विचारले, मैत्रिणीचं नाव विचारलं, अन् ती उत्तरं देऊन राहिली. मी यांना पायानं हलवून उठवलं, का पाहा म्हणून. नातीसोबत माझ्या जन्मात पहिल्यांदा गप्पा झाल्या. सात मिनिटं. नंतर फोनमध्ये वेळ पाह्यली मी, म्हणून ठाऊक आहे.

मग साक्षीनं बाहीनं नाक पुसलं. तिच्या अंगात जाड स्वेटर होतं, डोक्यावर लोकरीची टोपी. मी सहजच विचारलं, कोल्ड? ती म्हणाली, व्हेरी कोल्ड.

तिकडं मे महिन्यात थंडी असते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. एवढ्या थंडीत फरशीवर कोण झोपते? म्हटलं, शो मम्मी. तिनं फोन उचलून स्वयंपाकघरात नेला. स्नेहल ओट्यापाशी एका कुशीवर पडली होती, एक हात अंगाखाली दबलेला, चष्मा दूर सरकलेला. मी ओरडली, स्नेहल, ए बाई, ऊठ. ती हलली नाही.

यांनी दुसऱ्या फोनवरून जावयाले लावला. घंटी वाजत राहिली, त्यानं उचलला नाही. परत लावला, परत तेच. तिकडच्या अँब्युलन्सचा नंबर आम्हाले ठाऊक नाही. साक्षी आमचे चेहरे पाहून रडाले लागली. आठ महिन्यांत शिकलेली सारी वाक्यं माझ्या जिभेवर आली, अन् कामाचं एकही नाही. नो वरीज म्हणू? टेक युअर टाइम म्हणू? मले त्या क्लासचा अन् माझा स्वतःचा असा राग आला, का थोबाडीत मारून घ्यावी वाटली.

मग जे तोंडाले आलं ते बोलली. डोअर ओपन, गो नेक्स्ट हाउस. पोट्टी जागची हलेना. मम्मीनं दार उघडायचं नाही म्हणून सांगून ठेवलं आहे, असं रडत रडत सांगाले लागली. मी आवाज चढवला.

"आजी से येस. ओपन. गो. रन."

तिनं फोन खाली ठेवला. आम्हाले नुसतं छत दिसे. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, कुलूप खटखटलं, मग काहीच नाही. हे हात जोडून बसले होते. मी त्या छताशीच मराठीत बोलत राहिली, स्नेहल, मी आहे वो, ऊठ माय. चार मिनिटांनी जड पावलं वाजली. एका गोऱ्या बाईनं फोन उचलला, भराभर काहीतरी बोलली, अन् त्यातलं अँब्युलन्स एवढंच मले समजलं.

स्नेहल वाचली. शुगर एकदम उतरली होती. दोन वर्षांपासून ती इन्सुलिन घेऊन राहिली होती, अन् आम्ही काळजी करत बसू म्हणून आम्हाले सांगतलं नव्हतं. जावई फोनवर रडला, म्हणाला आई, तुम्ही वाचवलं. नात्यागोत्यात माझं नाव झालं. मॅडमनं क्लासात सगळ्यांना टाळ्या वाजवायले लावल्या. त्या सात मिनिटांचं मी कोणाले सांगतलं नाही. यांना ठाऊक होतं, पण तेही गप राहिले.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून स्नेहलचा व्हिडिओ कॉल आला. आवाज बारीक. म्हणाली, साक्षी जेवत नाही, आपण खेळत बसल्यामुळं मम्मीले जास्त झालं असं तिच्या मनानं घेतलं आहे. मग म्हणाली, "अन् आई, ती म्हणते, आजीनंच झोपू दे म्हटलं. मी रागावली तिले. म्हटलं, आजीवर खोटा आळ नाही घ्यायचा."

नुसतं हो म्हणून टाकलं असतं तं सुटली होती मी. एका शब्दाचं काम. यांनी माझ्याकडे पाह्यलं.

"ती खरं बोलून राहिली," मी म्हटलं. "तिनं मले पहिल्याच वाक्यात सांगतलं होतं. मीच म्हटलं झोपू दे, अन् वरून सात मिनिटं गप्पा हाकल्या."

 स्नेहलनं फोन पलंगावर शेजारी बसलेल्या साक्षीकडे दिला. पोट्टीचं तोंड एवढंसं झालं होतं.

"साक्षी, यू टोल्ड मी," मी म्हटलं. "यू राइट. आजी राँग. नॉट यू."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग वळून आईले म्हणाली, "सी, मम्मी? आय टोल्ड यू."

स्नेहलनं तिले जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर तोंड टेकवलं. माझ्याकडे पाह्यलं नाही. मी फोन बंद केला नाही, तसाच हातात धरून बसून राहिली.